'कॉन्टेस्ट': कधी लढत, कधी हरकत. हा शब्द वाचावा कसा आणि वापरावा कसा

न्यायालयाचा कागद घरी येतो. त्यात 'इफ यू विश टु कन्टेस्ट द सूट' अशा धाटणीची एक ओळ असते. शाळेत 'कॉन्टेस्ट म्हणजे स्पर्धा' एवढंच शिकलेल्या माणसाला ती ओळ लागत नाही. दुसरा कुणी 'वाद घालायचा असेल तर' असा अर्थ लावतो आणि 'आपल्याला कशाला कुणाशी भांडायचंय' म्हणत कागद कपाटात ठेवून देतो. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ती ओळ सांगते ती गोष्ट अशी: समोरच्याचं म्हणणं तुम्हाला मान्य नसेल, तर तसं न्यायालयात येऊन सांगा. सांगायचं ते लेखी कैफियत देऊन. तिची मुदत समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, आणि न्यायालयाने कारण नोंदवून वाढवली तर साधारणपणे 90 दिवसांपर्यंत. कैफियत गेली नाही की दावा पुढे एकतर्फी चालू शकतो. एका क्रियापदाचा अर्थ चुकल्यामुळे हातची जमीनसुद्धा जाऊ शकते. म्हणून हा शब्द नीट समजून घ्यायला हवा.

मुळात साक्षीदार आहे

लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार. 'कॉन' म्हणजे सोबत, मिळून. 'कॉन्टेस्टारी' म्हणजे साक्षीदारांना बोलावून, त्यांच्या देखत दाव्याला तोंड फोडणं. रोमन कायद्यात दाव्याचा मुद्दा पक्का करण्याचा एक टप्पा होता, 'लिटिस कॉन्टेस्टाशिओ'. तिथे दोन्ही पक्ष उपस्थितांना 'तुम्ही साक्षी राहा' असं सांगत. पुढे हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याला लढतीचा, स्पर्धेचा अर्थ चिकटला. पण साक्षीदार काही त्यातून गेला नाही.

'टेस्टिस' हा शब्द 'तीन' आणि 'उभा राहणे' यांच्या मुळांपासून झाला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे दोघांच्या व्यवहारात बाजूला उभा असलेला तिसरा. मराठीत याच कल्पनेचा अस्सल शब्द आहे: तिऱ्हाईत. तो मनात धरला की हा सगळा शब्द उलगडतो. जिथे दोघांच्या पलीकडे निकाल देणारा तिऱ्हाईत असतो (मतदार, न्यायाधीश, पंच, परीक्षक) तिथे 'कॉन्टेस्ट'. गल्लीत दोघे एकमेकांची कॉलर धरतात, तिथे 'फाइट' किंवा 'क्वारल'. नवरा-बायकोची भाजीवरून धुसफूस म्हणजे कॉन्टेस्ट नव्हे. तीच दोघं कुटुंब न्यायालयात गेली आणि एकाने दुसऱ्याचं म्हणणं नाकारलं, की प्रकरण 'कन्टेस्टेड' होतं.

अर्थ लावायची रीत: कर्माकडे बघा

वाक्यात हा शब्द दिसला की आधी तो नाम आहे की क्रियापद, ते ठरवा. नाम असेल तर बहुतेक वेळा 'स्पर्धा', 'लढत', 'चुरस' यांपैकी एकाने काम भागतं. क्रियापद असेल तर त्याचं कर्म शोधा, कारण अर्थाची किल्ली तिथेच असते.

कर्म जिंकून घ्यायची गोष्ट असेल (जागा, पद, चषक, निवडणूक) तर 'लढवणे'. 'कन्टेस्ट अ सीट' म्हणजे जागा लढवणे. कर्म दुसऱ्याने केलेलं विधान, निर्णय किंवा दस्तऐवज असेल (दावा, दंड, मृत्युपत्र, अहवाल) तर 'मान्य नसणे', 'हरकत घेणे', 'आव्हान देणे'. 'कन्टेस्ट अ क्लेम' म्हणजे दावा नाकारणे, दावा लढवणे. 'कन्टेस्ट द फाइन' म्हणजे दंड मान्य नाही असं रीतसर सांगणे. यातल्या 'रीतसर'ला फार महत्त्व आहे. घरी बसून कुरकुर केली तर ते कन्टेस्ट करणं होत नाही. अर्ज, कैफियत, अपील असं काहीतरी कागदावर गेलं पाहिजे.

या क्रियापदाला कर्म थेट लागतं. 'कन्टेस्ट फॉर द इलेक्शन', 'कन्टेस्ट इन द इलेक्शन' अशी वाक्यं आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. मधला 'फॉर' किंवा 'इन' काढला की वाक्य सरळ होतं: 'कन्टेस्ट द इलेक्शन'. कुणाविरुद्ध ते सांगायचं असेल तर कर्मानंतर 'अगेन्स्ट' येतो. नुसतं 'शी कन्टेस्टेड अगेन्स्ट हिम' भारतीय वर्तमानपत्रांत चालतं, पण परीक्षेच्या उत्तरात आणि परदेशी वाचकासाठी 'शी कन्टेस्टेड द सीट अगेन्स्ट हिम' लिहावं. 'कन्टेस्ट फ्रॉम' हाही अस्सल भारतीय प्रयोग आहे. मराठीतल्या 'साताऱ्यातून लढले' मधल्या 'तून'शी तो बरोबर जुळतो, म्हणून आपल्याला खटकत नाही. भारतीय वाचकासाठी तो बिनदिक्कत वापरावा. ब्रिटिश वाचकाला मात्र 'कन्टेस्टेड द सातारा सीट' जास्त ओळखीचं वाटेल.

नामाच्या मागेपुढे येणारे शब्द वेगळे आहेत. दोघांमधली लढत 'बिट्वीन'ने, कशासाठी ते 'फॉर'ने, आणि कशावरून झगडा ते 'ओव्हर'ने दाखवतात. स्पर्धेत भाग घेणं म्हणजे 'एंटर अ कॉन्टेस्ट', भरवणं म्हणजे 'होल्ड अ कॉन्टेस्ट'.

उच्चार: जोर कुठे द्यायचा

नाम आणि क्रियापद लिहिताना सारखंच दिसतं, पण कानाला दोन शब्द ऐकू येतात. नामात जोर पहिल्या अक्षरावर: 'कॉन्'टेस्ट, 'कॉन्' ठसठशीत, 'टेस्ट' हलका. क्रियापदात उलट: कन्'टेस्ट', पहिला स्वर जवळजवळ गिळायचा आणि आवाज 'टे'वर उचलायचा. या लेखात क्रियापद मुद्दाम 'कन्टेस्ट' असं लिहिलं आहे ते याचसाठी. मराठी बोलताना जोर हलवून आपण शब्दाची जात बदलत नाही, त्यामुळे आपल्या तोंडी दोन्ही सारखेच पडतात. सरावासाठी हीच खोड असलेल्या जोड्या घ्या: रेकॉर्ड, परमिट, एक्स्पोर्ट, कॉन्ट्रॅक्ट, कॉन्फ्लिक्ट. प्रत्येक शब्द आधी नाम म्हणून, मग क्रियापद म्हणून मोठ्याने म्हणा. 'कन्टेस्टंट' म्हणजे स्पर्धक. तो नाम असूनही त्यात जोर 'टेस'वरच राहतो. दूरचित्रवाणीवर तो अनेकदा पहिल्या अक्षरावर दिला जातो, ते ऐकून सवय लावू नये.

निवडणुकीत: एकाच वाक्याचे दोन अर्थ

आपल्याकडे या शब्दाचा सगळ्यात मोठा राबता निवडणुकीत आहे. इंग्लंडात उमेदवार निवडणुकीला 'उभा राहतो' (स्टँड), अमेरिकेत 'धावतो' (रन), आणि भारतात 'लढवतो'. आपला 'उभा राहिला' हा प्रयोग इंग्लंडच्या जवळचा आहे, 'लढवली' भारतीय इंग्रजीच्या. मराठीत दोन्ही तितकेच रुळलेले असल्यामुळे भाषांतर करताना इथे कुणी अडत नाही. अडतं ते कायद्याच्या शब्दांपाशी.

अर्ज भरला की माणूस उमेदवार होतो. छाननीत अर्ज टिकला की नमुना 4 मधल्या वैध उमेदवारांच्या यादीत त्याचं नाव येतं. माघारीची मुदत संपल्यावर जे उरतात त्यांची नावं नमुना 7 अ मध्ये जातात. 'निवडणूक लढवणारे उमेदवार', म्हणजे 'कन्टेस्टिंग कँडिडेट्स', ही संज्ञा फक्त या शेवटच्या यादीसाठी आहे. 15 जणांनी अर्ज भरले, दोघांचे बाद झाले, चौघांनी मागे घेतले, तर लढवणारे नऊ. बातमीत '15 उमेदवार रिंगणात' असा मथळा माघारीच्या आधी दिला तर तो चुकतो. इंग्रजीतून बातमी घेताना 'नॉमिनेटेड' आणि 'कन्टेस्टिंग' हे दोन शब्द वेगळे ठेवावेत.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 याचं कलम 53 सांगतं की जागांपेक्षा उमेदवार जास्त असतील तर मतदान घ्यायचं, आणि जितक्या जागा तितकेच उमेदवार उरले तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने त्यांना लगेच निवडून आल्याचं जाहीर करायचं. हे दुसरं म्हणजे 'अनकन्टेस्टेड', आपलं बिनविरोध. 2024 साली सुरत लोकसभा मतदारसंघात असंच झालं. आपल्या ग्रामपंचायतींत आणि सहकारी सोसायट्यांत तर 'बिनविरोध' हा रोजचा शब्द आहे. इंग्रजीत लिहिताना एक बारीक फरक पाळावा: निवडणूक 'अनकन्टेस्टेड' असते, माणूस 'अनअपोज्ड' निवडून येतो. मराठीत 'बिनविरोध' दोघांनाही चालतो, त्यामुळे ही चूक सहज होते.

आता खरी अडचण. अमेरिकेत 'कन्टेस्टेड इलेक्शन' म्हणजे बहुधा जिच्या निकालाला आव्हान दिलं आहे अशी निवडणूक. 2000 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडाचा निकाल 537 मतांच्या फरकाने जाहीर झाला. त्या वेळच्या फ्लोरिडाच्या कायद्यात निकाल प्रमाणित होण्याआधीच्या तक्रारीला 'प्रोटेस्ट' आणि नंतरच्या आव्हानाला 'कॉन्टेस्ट' म्हणत. (दोन्ही शब्दांत तोच साक्षीदार दडलेला आहे.) त्यात मागे पडलेले उमेदवार अल गोर यांनी 27 नोव्हेंबरला दाखल केली ती 'कॉन्टेस्ट', आणि 12 डिसेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती संपली. हे वाचताना 'चुरशीची निवडणूक' असं भाषांतर केलं तर मूळ मुद्दाच हरवतो.

भारतात निकालाला आव्हान देण्याचं साधन म्हणजे 'इलेक्शन पिटिशन', निवडणूक याचिका. लोकसभा-विधानसभेच्या बाबतीत ती उच्च न्यायालयात, निकालाच्या तारखेपासून 45 दिवसांत दाखल करावी लागते. राजनारायण यांनी 1971 साली रायबरेलीतून इंदिरा गांधींविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते लाखाहून अधिक मतांनी हरले. मग त्यांनी त्याच निवडणुकीला अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि 12 जून 1975 रोजी न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली. इंग्रजीत या दोन्ही कृतींसाठी 'ही कन्टेस्टेड द इलेक्शन' हे एकच वाक्य लिहिता येतं. म्हणून भारतीय वाचकासाठी इंग्रजीत लिहिताना दुसऱ्या अर्थी 'चॅलेंज्ड' वापरावं. मराठीला ही अडचणच नाही. 'लढवली' आणि 'आव्हान दिलं' यांत कुणाचा घोटाळा होत नाही.

लढतीचं वर्णन करणारे शब्द मराठीत भरपूर आहेत आणि ते वापरावेत. 'स्ट्रेट कॉन्टेस्ट' म्हणजे दुरंगी किंवा सरळ लढत. 'थ्री-कॉर्नर्ड' म्हणजे तिरंगी, 'त्रिकोणी' नव्हे. 'क्लोजली कन्टेस्टेड' म्हणजे अटीतटीची. 'कीन कॉन्टेस्ट' म्हणजे चुरस. 'हॉटली कन्टेस्टेड' मात्र जपून. कर्म जागा असेल तर चुरशीची लढत, कर्म एखादं मत किंवा सिद्धान्त असेल तर जोरदार वाद. 'गरमागरम' हा शब्द दोन्हीकडे टाळावा.

न्यायालयात आणि कागदपत्रांत

घटस्फोटाच्या संदर्भात वकिलांच्या तोंडी 'मॅटर कन्टेस्टेड आहे' हे वाक्य सतत येतं. हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी कलम 13 ब आहे. दोघं किमान एक वर्ष वेगळी राहिलेली असावी लागतात आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं. याच्या उलट कलम 13 खाली एकाने कारण देऊन अर्ज केला आणि दुसऱ्याने तो नाकारला, की प्रकरण 'कन्टेस्टेड'. इथे 'वादग्रस्त घटस्फोट' हे भाषांतर चुकीचं आहे, कारण वादग्रस्त म्हणजे ज्यावर लोकांत वाद आहे असा. 'विरोध झालेला' किंवा 'लढवलेला' घटस्फोटाचा अर्ज म्हणावं. 'अनकन्टेस्टेड'चे तर दोन अर्थ होतात: दोघांना मान्य आहे म्हणून विरोध नाही, किंवा समोरचा हजरच झाला नाही. पहिल्याला 'संमतीने' आणि दुसऱ्याला 'एकतर्फी' म्हणतात. कागद पूर्ण वाचल्याशिवाय यातला कोणता ते ठरवू नये.

'कन्टेस्ट अ विल' म्हणजे मृत्युपत्राला आव्हान देणे. इथे शब्दाचं मूळ आणि आजचा कायदा एकमेकांना भेटतात. भारतीय वारसा कायदा, 1925 याच्या कलम 63 प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात, आणि आव्हान दिलं जातं तेव्हा पहिला घाव बहुधा साक्षीदारांवरच पडतो: सही त्यांच्यासमोर झाली का, त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्यासमोर सही केली का. फसवणूक, जबरदस्ती, किंवा सतत मागे लागून करून घेतलेलं मृत्युपत्र, ही कलम 61 मधली कारणं. प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याच्या अर्जाला विरोध करायचा तर 'कॅव्हेट' दाखल करतात. मग ते प्रकरण 'कन्टेन्शियस' होतं आणि दाव्यासारखं चालतं. या ठिकाणी 'कन्टेन्शियस'चा अर्थ 'भांडखोर' नाही. विरोध नोंदवायला कुणीतरी हजर झालं आहे, इतकाच आहे.

आयुर्विम्याच्या इंग्रजी लेखांत 'इन्कन्टेस्टेबिलिटी' हा जडजंबाल शब्द भेटतो. स्पर्धेशी त्याचा काही संबंध नाही. विमा कायदा, 1938 याच्या कलम 45 मध्ये 2015 पासून असं आहे की पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर विमा कंपनीला कोणत्याही कारणावरून तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. ही तीन वर्षं पॉलिसी देणं, जोखीम सुरू होणं, बंद पडलेली पुन्हा चालू करणं किंवा जास्तीचं संरक्षण जोडणं यांतल्या सर्वांत उशिराच्या तारखेपासून मोजतात. मराठीत 'आक्षेप न घेता येण्याची तरतूद' म्हटलं की वारसदाराला आपला हक्क लगेच कळतो.

'नो कॉन्टेस्ट'चे तीन चेहरे

बोलण्यात 'इट वॉज नो कॉन्टेस्ट' म्हणजे सामना एकतर्फी झाला, बरोबरीच नव्हती. मुष्टियुद्धाच्या निकालात 'नो कॉन्टेस्ट' म्हणजे कुणीही जिंकलं नाही, लढतच धरली नाही. अपघाताने डोकं आपटून जखम झाली आणि ठरलेल्या फेऱ्या, बहुधा चार, पूर्ण होण्याआधी लढत थांबली की पंच असा निकाल देतात. म्हणजे क्रीडापानावर हे दोन अर्थ अगदी उलटे आहेत. निकालाच्या रकान्यात असेल तर 'लढत रद्द', समालोचकाच्या वाक्यात असेल तर 'एकतर्फी'.

तिसरा अर्थ अमेरिकी न्यायालयातला, लॅटिनमध्ये 'नोलो कन्टेन्डेरे', म्हणजे 'मी लढवू इच्छित नाही'. आरोपी गुन्हा कबूल करत नाही, पण नाकारतही नाही. शिक्षा मात्र कबुली दिल्यासारखीच होते. 10 ऑक्टोबर 1973 रोजी अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांनी करचुकवेगिरीच्या आरोपावर हेच सांगितलं आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण अनेक राज्यांत साध्या वाहतूक दंडाच्या कागदावरही हा पर्याय दिसतो. 'नो कॉन्टेस्ट' म्हणजे 'तक्रार नाही, विषय मिटला' असं वाटून खूण केली जाते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात 'नो कॉन्टेस्ट' अधिक काहीतरी शिक्षा म्हणजे दोषसिद्धीच धरतात. वेगमर्यादेच्या दंडात याने सहसा फारसं बिघडत नाही. पण दुकानातली चोरी, मारहाण, दारू पिऊन गाडी चालवणं अशा आरोपात व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्याने स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारल्याशिवाय तो पर्याय निवडू नये.

शेजारचे शब्द

'कन्टेन्ड' हे वेगळं मूळ आहे: 'टेन्डेरे', म्हणजे ताणणे. संस्कृत 'तन्' आणि आपलं 'ताणणे' याच कुळातले. म्हणून 'कन्टेन्ड'मध्ये ओढाताण आहे. 'कन्टेन्ड विथ' म्हणजे अडचणींशी झुंजणे. 'कन्टेन्ड दॅट' म्हणजे ठामपणे म्हणणे. निकालपत्रातलं 'इट इज कन्टेन्डेड' म्हणजे 'असा युक्तिवाद करण्यात आला'. न्यायालयाने तो मान्य केला, असा त्याचा अर्थ होत नाही. 'कन्टेंडर' म्हणजे दावेदार, ज्याला जिंकायची खरी संधी आहे असा, तर 'कन्टेस्टंट' म्हणजे भाग घेतलेला कुणीही. 30 स्पर्धकांत दावेदार चारच असू शकतात. 'बोन ऑफ कन्टेन्शन'साठी हाडूक शोधत बसू नये. 'वादाचं मूळ' पुरेसं आहे.

'कॉम्पिटिशन' आणि 'कॉन्टेस्ट' यांत पुन्हा तोच तिऱ्हाईत उपयोगी पडतो. दोन किराणा दुकानांत असते ती कॉम्पिटिशन. ती रोज चालते, तिला परीक्षक नाही, शेवट नाही. रांगोळीची असते ती कॉन्टेस्ट किंवा कॉम्पिटिशन, दोन्ही चालतं. भारतात आणि इंग्लंडात दुसरा शब्द जास्त ऐकू येतो, अमेरिकेत पहिला. 'डिस्प्यूट' म्हणजे मतभेद उभा असलेली स्थिती. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाला इंग्रजीत 'बॉर्डर डिस्प्यूट'च म्हणावं, 'बॉर्डर कॉन्टेस्ट' म्हटलं तर सीमेवर काही स्पर्धा भरल्यासारखं वाटेल. पण महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा कर्नाटक 'कन्टेस्ट' करतं, हे वाक्य बिनचूक आहे.

शेवटची चूक बोटांची आहे. 'कॉन्टेस्ट' आणि 'कॉन्टेक्स्ट' यांत इंग्रजी लिपीत एकाच अक्षराचा फरक पडतो: एकात एस, दुसऱ्यात एक्स, आणि ही दोन अक्षरं कळफलकावर अगदी जवळ आहेत. दोन्ही खरे शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारी साधी प्रणाली लाल रेघ मारत नाही. 'इन धिस कॉन्टेस्ट', 'आउट ऑफ कॉन्टेस्ट' असे शब्दगट मजकुरात शोधून बघा. बहुतेक ठिकाणी तिथे 'संदर्भ' अभिप्रेत असतो. उच्चारातही 'कॉन्टेक्स्ट'मधला 'क' आपण खातो, मग तोंडी सांगितलेला मजकूर उतरवून घेणारा चुकीचा शब्द लिहितो. कायद्याचा मसुदा असेल तर दोन्ही शब्दांसाठी एकेकदा पूर्ण मजकूर शोधून, प्रत्येक जागी कर्म काय आहे ते बघूनच पुढे पाठवा.